वाघ्याचा शिधा

परदेशातल्या मराठी घरात कुत्रा येतो तो मुलांच्या हट्टानं, आणि राहतो तो आईबापांच्या जिवावर. हट्ट एका वाढदिवसापुरता असतो. शिधा मात्र पुढची दहा-बारा वर्षं भरायचा असतो. हा लेख त्या शिध्याबद्दल आहे. मंडळातल्या तीन-चार घरी आता कुत्री आली आहेत, आणखी एक-दोन घरी 'घेऊ या का नको' असा वाद चालू आहे. गणपतीत आरती झाली की प्रसादाच्या रांगेत आम्हाला हमखास विचारणा होते, "तुम्ही वाघ्याला काय घालता हो? आणि महिन्याला किती पडतं?" दर वेळी हातात मोदक घेऊन उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा एकदाच नीट लिहून काढावं म्हटलं.

आधी वाघ्याची ओळख. वय अदमासे सहा, वजन २० किलो, जात विचारू नये. हॅनोव्हरला लागून असलेल्या लांगेनहागेनमध्ये क्रेएनविंकेल म्हणून भाग आहे, तिथल्या प्राण्यांच्या आश्रमातून तो आमच्याकडे आला. नाव सातारहून आमच्या आईनं सुचवलं. आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा, आणि खंडोबाच्या दारात कुत्र्याला मान. त्यातून साताऱ्याच्या माणसाला कुत्र्याचं कौतुक नवं नाही. जवळच संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. जर्मन लोक 'डब्ल्यू'चा उच्चार 'व' असा करतात, त्यामुळे नावाचा 'व' तरी शाबूत राहिला. 'घ्या' मात्र कुणाला जमत नाही. शेजारच्या आजी त्याला 'वागिया' म्हणतात आणि तोही समजून घेतो.

इथं कुत्रा पाळायचा म्हणजे कागदपत्रं आली. आमच्या नीडरझाक्सन राज्यात १ जुलै २०१३ पासून नवख्या मालकाला चक्क परीक्षा द्यावी लागते: कुत्रा घरी आणण्याआधी लेखी आणि आणल्यावर वर्षाच्या आत प्रात्यक्षिक. आम्ही २००५ साली याच गावात मास्टर्स करायला आलो तेव्हा वाटलं होतं, आता आयुष्यातल्या परीक्षा संपल्या. तर नाही. कुत्र्याचं शेपूट उजवीकडे हलतं तेव्हा त्याच्या मनात काय असतं याचाही अभ्यास केला. शिवाय चिप, विमा, सरकारी नोंदणी आणि नगरपालिकेचा श्वानकर. हे सगळं एकदाचं पार पडतं. रोज दोन वेळा समोर उभा राहतो तो वाडगा.

सुरुवातीला आम्ही प्राण्यांच्या सामानाच्या दुकानातली एक भारीपैकी पिशवी आणत असू. तेव्हा परवडत होती. मग आमच्या कंपनीत कामाचे तास कमी झाले. जर्मनीत याला 'कुर्त्सआर्बाइट' म्हणतात. कामावरून काढत नाहीत, पण काम कमी देतात. त्यामुळे हातात येणाऱ्या पगारात जी तूट पडते तिच्यातले ६० टक्के, आणि घरात मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी खात्यातून मिळतात. उरलेल्या तुटीचं काय करायचं ते ज्यानं त्यानं बघायचं. एका रविवारी आम्ही दोघं वही घेऊन बसलो. भारतवारी पुढे ढकलली. गाडीचे नवे टायर एक हंगाम थांबतील असं ठरलं. वहीत तिसरी ओळ होती: वाघ्या, महिना ४० युरो.

कन्या तेरा वर्षांची. तिनं ती ओळ वाचली आणि मराठीत, म्हणजे ती रागावली असेल तेव्हाच बोलते तसल्या शुद्ध मराठीत म्हणाली, "बाबा, ज्याला बोलता येत नाही त्याच्यापासूनच सुरुवात करायची का?"

त्याच संध्याकाळी आईचा फोन. तिला आकडा सांगितला. तिनं तो मनातल्या मनात शंभरानं गुणला, कारण हल्ली युरो त्याच्या आसपासच असतो. मग थोडा वेळ काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "चार हजार? अरे, आपल्याकडं भांड्याला येते तिचा महिन्याचा किराणा होतो तेवढ्यात."

एकीकडून मुलीचा प्रश्न, दुसरीकडून आईचा. दोन्ही खरे. आम्ही पडलो इंजिनियर. भावनेचा गुंता सुटेना की आम्ही कॅल्क्युलेटर काढतो. निदान एवढं तरी कळावं की या ४० युरोंतले वाघ्याच्या पोटात किती जातात आणि बाकीचे कुठं जातात.

दुकानातली ती भिंत तुम्ही पाहिली असेल. या टोकापासून त्या टोकापर्यंत पिशव्या. एकीवर बर्फातला लांडगा, दुसरीवर नॉर्वेची नदी, तिसरीवर कुणाचं तरी शेत. आपल्याकडे वनस्पती तूप म्हणजे डालडा तसं कुत्र्याचं खाणं म्हणजे 'पेडिग्री', विषय संपला. इथं निवडायला बसलं तर सुट्टी संपते. पण सगळ्या पिशव्यांत शेवटी असतं काय? तेच खडबडीत तपकिरी दाणे.

हे दाणे होतात कसे ते पाहिलं की पिशवीवरच्या लांडग्याचा दरारा निम्मा कमी होतो. कुत्र्यांसाठी तयार खाणं विकण्याचा धंदा १८६०च्या दशकात लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकनानं मांडला. तो मूळचा वीजवाहक विकणारा. गव्हाचं पीठ, भाज्या, बीट आणि मांस यांची त्यानं बिस्किटं केली. आजचे फुगीर दाणे आले ते १९५७ साली अमेरिकेत, एक्स्ट्रूडर यंत्रातून. एक्स्ट्रूडर म्हणजे काय? चकलीचा सोऱ्या. फक्त वाफेवरचा आणि प्रचंड दाबाखालचा. धान्याचं पीठ आणि मांसाची भुकटी त्यातून रेटली जाते, तोंडाशी आली की दाब एकदम उतरतो आणि लाहीसारखी फुलते. त्या उष्णतेत पिठूळ भाग शिजतो म्हणून तो कुत्र्याला पचतो. मग दाणे वाळवून पाणी १० टक्क्यांच्या आसपास आणतात आणि वरून चरबीचा फवारा मारतात. तोच तो वास, ज्यानं वाघ्या नाचतो आणि सौ. खिडकी उघडते. स्वस्त पिशवी असो वा महाग, सोऱ्या हाच.

आता लेबल. पिशवी पुढून बघायचीच नाही, उलटी करायची. पहिला शब्द शोधायचा 'आलाइनफुटरमिटल'. म्हणजे एवढंच खाऊन कुत्रा जगेल असं पूर्ण खाणं. जीवनसत्त्वं, कॅल्शियम सगळं धरून. दुसरा शब्द 'एर्गेन्त्सुंग्सफुटरमिटल', म्हणजे पूरक खाणं. जेवणातलं लोणचं म्हणा. धान्याच्या पोह्यांसारख्या पापुद्र्यांच्या काही पिशव्या फार स्वस्त दिसतात त्या या जातीच्या. त्यांच्या जोडीला मांस आणि बाकीचं आपण घालायचं असतं. निव्वळ लोणच्यावर कुणाला ठेवू नये.

मग 'कोंबडीसह' हा शब्द. युरोपातल्या उत्पादकांच्या संहितेप्रमाणे 'सह' म्हणायला त्या मांसाचं प्रमाण किमान ४ टक्के असलं की भागतं. नुसतं 'कोंबडी' असं नाव द्यायचं तर २६ टक्के लागतं. एका प्रत्ययात २२ टक्क्यांचा फरक! पाणिनीलाही मौज वाटली असती.

'रोआशं' वाचून सौ. दचकली. शब्दशः अर्थ कच्ची राख. "राख घालतात की काय?" घालत नाहीत. नमुना प्रयोगशाळेत साधारण ५५० अंशांना जाळला की जे उरतं ते खनिज, त्याचा तो आकडा. आणि 'प्राणिजन्य उप-उत्पादनं' म्हणजे काळीज, फुफ्फुस, वजडी असलं सगळं. युरोपीय नियमाप्रमाणे तेही माणसांसाठी कापलेल्या, तपासून खाण्यालायक ठरलेल्या जनावरांचंच लागतं. वजडीवर ताव मारणाऱ्या सातारा-कोल्हापूरच्या माणसानं त्याला नाकं मुरडू नयेत.

हे सगळं आम्ही पडताळू शकलो याचं कारण हॅनोव्हर. इथलं पशुवैद्यक विद्यापीठ १७७८ साली घोड्यांच्या वैद्यांची शाळा म्हणून सुरू झालं, ते तिसऱ्या जॉर्ज राजाच्या हुकमानं. इंग्लंडचा राजा तोच आणि हॅनोव्हरचा मालकही तोच. तिकडे पुण्यात तेव्हा नाना फडणीस कारभार पाहत होते, आणि दुसऱ्याच वर्षी, जानेवारी १७७९ मध्ये, याच राजाच्या इंग्रजांना मराठ्यांपुढे वडगावचा तह करावा लागला. आज त्या विद्यापीठात पशुपोषणाची स्वतंत्र संस्था आहे. ज्या गावात जनावराच्या पोटाचा असा अभ्यास होतो तिथं आपण लांडग्याचं चित्र पाहून खरेदी करावी हे काही बरं नव्हे.

आता हिशोब, कंटाळवाणा असला तरी वाचा, पैसे त्यातच आहेत. कुत्र्याला रोज किती उष्मांक लागतात ते वजनाच्या सरळ पटीत चालत नाही, वजनाच्या पाऊण घाताप्रमाणे चालतं. १९३२ साली क्लायबर नावाच्या स्विस शास्त्रज्ञानं प्राण्यांच्या वजनाचा आणि ऊर्जेचा हा संबंध मांडला. घरगुती कॅल्क्युलेटरवर असं करायचं: वजनाचा घन काढायचा आणि वर्गमूळाचं बटण दोनदा दाबायचं. वाघ्याचे २० किलो, घन ८,०००, दोनदा वर्गमूळ काढलं की साधारण ९.५. फारशी धावपळ नसलेल्या प्रौढ कुत्र्यासाठी त्याला ९५ नं गुणायचं. आले सुमारे ९०० किलोकॅलरी.

पिशवीतल्या १०० ग्रॅममध्ये किती आहेत? प्रथिनांच्या ग्रॅमला साडेतीन, चरबीच्या ग्रॅमला साडेआठ, पिष्टमय पदार्थांच्या ग्रॅमला साडेतीन. पिष्टाचा आकडा लेबलवर नसतो. १०० मधून प्रथिनं, चरबी, राख, चोथा आणि पाणी वजा केलं की उरतं ते पिष्ट.

आमच्या भागातल्या भावानं दोन पिशव्या घेतल्या. भारी पिशवी १२ किलो, ६६ युरो. तिच्यात १०० ग्रॅमला सुमारे ३७४ किलोकॅलरी, म्हणजे वाघ्याला रोज २४१ ग्रॅम, दिवसाला १ युरो ३२ सेंट. किराणा दुकानाच्या स्वतःच्या शिक्क्याची साधी पिशवी १५ किलो, २७ युरो. प्रथिनं २५ टक्के, चरबी १२ टक्के, पूर्ण खाणं. १०० ग्रॅमला ३४०, रोज २६५ ग्रॅम, दिवसाला ४८ सेंट. दाणे थोडे जास्त लागतात आणि सकाळी उचलायच्या पिशवीचं वजनही थोडं वाढतं, तरी महिना ४० चा १४-१५ युरोंवर येतो. फळीवर दर किलोचा भाव छापणं इथं कायद्यानं सक्तीचं आहे, पण खरा भाव किलोचा नाही, दिवसाचा.

कुणी म्हणेल, डब्यातलं ओलं खाणं का नको? चवीला उत्तम, आणि कमी पाणी पिणाऱ्या कुत्र्याला बरंच. पण त्यात ८० टक्के पाणी असतं. वाघ्याला रोज सुमारे ९०० ग्रॅम लागेल, त्यातलं ७२० ग्रॅम पाणी. ८०० ग्रॅमचा डबा १ युरो ६० सेंटला धरला तरी दिवसाला १ युरो ८० सेंट. पाणी आमच्या नळाला येतं.

जाता जाता एक गंमत. कुत्र्याच्या खाण्यावर जर्मनीत ७ टक्के कर आहे आणि बाळाच्या लंगोटांवर १९ टक्के. वाघ्यानं मतदान करावं अशी आमची इच्छा आहे.

राहता राहिला प्रश्न दर्जाचा: स्वस्त म्हणजे निकस नव्हे ना? 'श्टिफ्टुंग वारनटेस्ट' ही इथली वस्तू तपासणारी संस्था १९६४ साली स्थापन झाली. वस्तू दुकानातून गुपचूप विकत घेऊन ती तपासते आणि तिच्या मासिकात जाहिराती घेत नाही. कुत्र्याच्या खाण्याच्या तिच्या चाचण्यांत स्वस्त साखळी दुकानांचे स्वतःचे शिक्के अनेकदा उत्तम ठरले, आणि नामांकित, महागडे शिक्के काही वेळा मागे पडले. मासिक सार्वजनिक वाचनालयात चाळता येतं. 'धान्यविरहित' पिशव्यांचंही तसंच. धान्याऐवजी वाटाणा आणि मसूर जास्त असलेल्या अशा काही खाण्यांचा कुत्र्यांच्या हृदयविकाराशी संबंध आहे का याची चौकशी अमेरिकेच्या अन्न व औषध खात्यानं २०१८ साली सुरू केली. कार्यकारणसंबंध सिद्ध झाला नाही, पण 'धान्य नाही' हा काही जादा पैसे मोजण्याजोगा गुण नाही एवढं कळलं.

आणि धान्याला भ्यायचं तरी कशाला? आमच्या लहानपणी वाड्यातला मोत्या भाकरी कुस्करून खायचा. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, तर कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. माणसाच्या उंबऱ्याशी राहून, त्याचं उरलंसुरलं खाऊन लांडग्याचा कुत्रा झाला. पिशवीवरचा लांडगा काहीही सांगो, वाघ्याचं पोट मोत्याच्या गोत्रातलं आहे.

यावर आईचा सल्ला आलाच, "मग भाकरीच घाल की!" तेवढं मात्र जमत नाही. मोत्या भाकरीखेरीज गावभर हिंडून हाडं, उंदीर आणि देव जाणे काय काय खात होता. त्याचा पूरक आहार त्याचा तो मिळवायचा. आमच्या तिसऱ्या मजल्यावर उंदीर येत नाहीत. शिवाय मराठी स्वयंपाक कुत्र्याला सरसकट चालत नाही. कांदा आणि लसूण रक्ताला घातक. द्राक्षं आणि बेदाणे मूत्रपिंडाला. शिऱ्यातला बेदाणासुद्धा नको. यामागे टार्टारिक आम्ल असावं असा अंदाज अमेरिकेतल्या विषतज्ज्ञांनी २०२१ साली मांडला, आणि ते चिंचेतही भरपूर असतं. तेव्हा आमटीही बंद. साधी भाकरी किंवा पोळीचा तुकडा, किंवा आपल्या पार्ले-जीचं इथलं भावंड असलेलं बाल्सनचं लाइब्निझ बिस्किट, कधीमधी चिमूटभर चालतं. हे बिस्किट १८९१ पासून याच गावचं. त्याला ५२ दात, कुत्र्याला ४२. पण सामना दर वेळी कुत्राच जिंकतो.

हा सगळा कागद आम्ही कन्येपुढे ठेवला. तिनं आमचा गुणाकार तपासला, मग म्हणाली, "ठीक आहे, पण वजन मी करणार. महिनाभरात बिघडलं तर परत जुनी पिशवी." अट मान्य झाली. दहा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत नेलं, कारण एकदम बदल केला की पोट बिघडतं. दाणे वाटीनं नाही, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजले. दर रविवारी वजन, आणि बरगड्यांवरून हात: बरगडी बोटाला लागावी, डोळ्याला दिसू नये. महिन्यानं आलेख सरळ रेषेत होता. पिल्लू, म्हातारा किंवा आजारी कुत्रा असेल तर मात्र आमचा कागद बाजूला ठेवून पशुवैद्याला विचारा. तिथं कॅल्क्युलेटर चालत नाही.

या वसंतात आमचे तास पूर्ववत झाले. पगारही आला. "आता काय करायचं?" सौ.नं विचारलं. कन्येनंच उत्तर दिलं: शिधा तोच ठेवायचा, पण वाचलेले २५ युरो आपण खर्चायचे नाहीत, ते वाघ्याचे. जर्मनीत पशुवैद्यांचे दर सरकारी तक्त्यानं ठरतात आणि २२ नोव्हेंबर २०२२ पासून ते बरेच वाढले आहेत. वाघ्याचं तोंड आताच थोडं पांढरं व्हायला लागलंय. तेव्हा एक वेगळं खातं उघडलं, त्यात महिन्याला २५ जमा होतात. लांडग्याच्या चित्रापेक्षा ते त्याच्या जास्त उपयोगी पडतील.

आईच्या प्रश्नाला मात्र आमच्या कागदात उत्तर नाही. चार हजारांचे दीड हजार झाले म्हणून तो प्रश्न मिटत नाही, लहान होतो एवढंच. तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मिटू नयेच तो. पण आणलायस तर उपाशी ठेवू नकोस."

तर मंडळी, पुढच्या वेळी त्या भिंतीसमोर उभे राहिलात तर पिशवी उलटी करा, पूर्ण खाणं आहे ना ते पाहा, दिवसाचा भाव काढा आणि घरी गेल्यावर काट्यावर मोजून घाला. आकडेमोडीचा कंटाळा असेल तर कुत्र्याचं वजन आणि लेबलचा फोटो आमच्याकडे पाठवा. आमच्या घरी एक तेरा वर्षांची हिशोबनीस आहे, ती फुकट करून देते.